मास्तरांनी हॉर्न वाजवला

एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाला रस्त्यावर धक्का बसावा असं फारसं काही शिल्लक राहत नाही. एका डॉक्टरांनी मास्तरांच्या देखत गाडी न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीला टेकवली होती आणि काच खाली करून "खुर्ची रिकामी आहे का?" असं विचारलं होतं. गणिताच्या एका प्राध्यापिकेनं मागे जातानाही पुढच्याच काचेतून पाहायचं हे तत्त्व शेवटपर्यंत सोडलं नव्हतं. एक पहिलवान पहिल्याच दिवशी गिअरचा दांडा उपटून हातात घेऊन बसला होता आणि "हा कुठं ठेवू?" म्हणाला होता.

या सगळ्या प्रसंगी मास्तरांनी एकच गोष्ट केली होती. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. मास्तर तो ब्रेक दाबत. गाडी थांबे. मग विझत आलेल्या निखाऱ्यावर पाणी शिंपडावं तशा आवाजात ते म्हणत, "काही झालं नाही. पुन्हा."

आवाज चढवणं त्यांना माहीत नव्हतं. हॉर्नही ते वाजवत नसत. "हॉर्न म्हणजे गाडीनं केलेली शिवीगाळ," असं ते प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगत. त्यांच्या गाडीचा हॉर्न इतका कोरा होता की गॅरेजवाल्यानं एकदा तो विकत मागितला होता. गावात त्यांना 'बर्फ मास्तर' म्हणत आणि मास्तरांना ही पदवी आहे असंच वाटत असे.

तर हे बर्फ मास्तर एका गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता पोस्टाच्या मागच्या रस्त्यावर गाडी लावून एका विद्यार्थ्याची वाट पाहत बसले होते. समोरून 'शिकाऊ' अशी पाटी लावलेली लाल गाडी आली. मास्तरांनी सवयीप्रमाणे गुण द्यायला सुरुवात केली. हात जागेवर, एक गुण. वळायच्या आधी आरशात बघितलं, दोन गुण. वेग कमी करून मग गिअर बदलला, म्हणजे शिकवणाऱ्याला अक्कल आहे. 'बाई वयस्कर आहे, पण चालवतेय झकास,' असं त्यांच्या मनात आलं.

गाडी शेजारून गेली. ती बाई म्हणजे त्यांची बायको होती.

मास्तरांनी ब्रेक दाबला. त्यांची गाडी पंधरा मिनिटांपासून उभीच होती, पण दाबला. आणि लाल गाडी वळून दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ त्यांचा पाय तिथून हलेना.

पहिली गोष्ट म्हणजे मास्तरीणबाई दर गुरुवारी वाचनालयात जात असत. गेले चार महिने जात होत्या आणि येताना पुस्तकही आणत होत्या. दुसरी गोष्ट म्हणजे चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्टिअरिंगला फडकं मारण्यापलीकडे हात लावला नव्हता. आणि तिसरी, जी मास्तरांना घशात काटा अडकावा तशी अडकली, ती म्हणजे लाल गाडी 'वाघिणी'ची होती.

वाघीण ही मास्तरांचीच विद्यार्थिनी. त्यांच्याकडे शिकली, त्यांच्याकडेच सहा वर्षं शिकवायला राहिली आणि मग तिनं स्वतःची शाळा काढली. शिकाऊ माणसावर ती अशी ओरडत असे की पुढच्या चौकातला शिपाईसुद्धा सावधान उभा राही. दोन मिनिटांनी त्याच माणसाबरोबर ती खिदळत असे. मास्तरांना तिचं हे वागणं मुळीच पसंत नव्हतं. तिच्याकडचे लोक पहिल्या फटक्यात परीक्षा पास होत, हे तर त्याहून पसंत नव्हतं.

दुपारी मास्तर घरी जेवायला बसले. समोर बसलेल्या बाईकडे ते जरा निरखून बघत होते. ही बाई तिसरा गिअर टाकते, हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"पुस्तक कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"चांगलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "वळणं फार आहेत."

मास्तरांना ठसका लागला. ते पाणी प्यायले, त्यांनी हात धुतला आणि चपला घालून तडक वाघिणीची शाळा गाठली.

वाघीण टेबलावर पाय टाकून, तोंडात पेन धरून फॉर्म तपासत होती. मास्तरांना बघून तिनं पाय खाली घेतले, पण पेन तोंडातच राहिलं.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"चार महिने?" मास्तर म्हणाले.

"साडेचार. बसा ना."

"मी रागावलो नाहीये. नुसतं विचारतोय."

"मास्तर, तुमचे दोन्ही कान लाल झालेत."

"उन्हातून आलोय."

"बाहेर ढग आहेत."

मास्तर बसले. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली आणि प्रत्येक गोष्टीसरशी त्यांना वाटू लागलं की आपण खुर्चीवर नसून उतारावर बसलोय. मास्तरीणबाईंची परीक्षा सोमवारी होती. ही तिसरी. आधीच्या दोन्ही वेळेला त्या नापास झाल्या होत्या.

"नापास?" मास्तरांचा आवाज फाटला. बर्फ मास्तरांची बायको, तीही एकदा नाही, दोनदा नापास झाली आणि त्यांना पत्ता नाही! "पण मी आत्ता पाहिलं, ती उत्तम चालवते!"

"माझ्या तुकडीत सगळ्यांत चांगल्या चालवतात. आठाचा आकडा घ्या, मागे घेऊन लावणं घ्या, नाव ठेवायला जागा नाही. घोडं पेंड खातं ते चढावर. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा काढायची, एवढंच. तेही येतं त्यांना. पण मागनं कुणी हॉर्न दिला की संपलं."

"घाबरते?"

"छे! राग येतो त्यांना. चांगला सणसणीत येतो, मला शेजारी बसून दिसतो ना. आणि राग आला की त्या गाडी बंद करतात, हात मांडीवर ठेवतात आणि फोटो काढायला बसल्यासारख्या बसून राहतात. परीक्षक म्हणाला, 'बाई, काय झालं?' तर म्हणतात, 'काही झालं नाही.' तो म्हणाला, 'मग चालवा.' तर परत, 'काही झालं नाही.' मागे अकरा गाड्या."

"हे असलं कुठून शिकली ती?" मास्तरांनी मनापासून विचारलं.

वाघिणीनं तोंडातलं पेन काढलं आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मला का नाही सांगितलं तिनं?" ते म्हणाले.

"ते त्यांना विचारा. मी गाडी शिकवते, संसार नाही. पण एक काम कराल का? त्यांना सराव पाहिजे. हॉर्नचा नाही, रागाचा. राग आलेला असताना हातपाय चालवायचा सराव. उद्या दहा वाजता टाकीच्या चढावर मी त्यांना थांबवणार आहे. मागनं कुणीतरी हॉर्न वाजवणार, हे त्यांना सांगून ठेवते. तुम्ही मागे गाडी लावा आणि वाजवा."

"मी?" मास्तरांना इतका धक्का बसला की ते उठून उभे राहिले. "मी हॉर्न वाजवत नाही, तुला माहितीये. आणि राग आला तर तो दाबायचा. हे मी तुला सहा वर्षं सांगितलं."

"सांगितलंत. आणि मी सहा वर्षं दाबला. मग माझ्या पाठीला उसण भरायला लागली ती थांबेचना. आता राग आला की मी मोठ्यांदा सांगते, 'आला बरं का.' घटकाभर बसतो आणि जातो. तुमच्याकडचा येतो तो राहायलाच येतो, मास्तर. भाडं भरत नाही आणि खोलीही सोडत नाही."

शुक्रवारी दहाला पाच कमी असताना बर्फ मास्तर पाण्याच्या टाकीच्या चढावर होते. पुढे लाल गाडी उभी होती. लाल गाडीच्या आरशात मास्तरीणबाईंचे डोळे होते. त्यांनी आरशात पाहिलं, मागच्या गाडीत आपला नवरा बसलेला दिसला आणि त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. दोघांनी आरशातून एकमेकांना असं पाहिलं, जसं चोर आणि पोलिसानं एकाच हॉटेलात जेवताना पाहावं.

वाघिणीनं खिडकीतून हात बाहेर काढून खूण केली.

मास्तरांनी हॉर्नवर अंगठा ठेवला. एकतीस वर्षांत वापर नसल्यानं तो आधी खोकला. मग 'टुक' असा आवाज आला, दारावर आलेल्या पाहुण्यानं टिचकी मारावी तसा.

वाघिणीचा हात पुन्हा हलला. जोरात.

'टुक टुक.'

पुढे लाल गाडी अंगात आल्यासारखी थरथरली आणि बंद पडली. मास्तरीणबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. वाघिणीनं सांगितलं होतं अगदी तसंच. मान ताठ, हात मांडीवर. ते बसणं मास्तरांच्या ओळखीचं होतं. मुलगी सामान बांधून दुसऱ्या देशात गेली त्या संध्याकाळी ही अशीच बसली होती. आणखीही एकदा. त्या दुसऱ्या वेळेपाशी मास्तरांचं मन येऊन ठेपलं आणि नेहमीप्रमाणे तिथून झटकन मागे फिरलं. मागे फिरता फिरता ते वाचनालयावर जाऊन आपटलं.

वाचनालय! साडेचार महिने! आणि पुस्तकं? एका पुस्तकातला उतारा तर ही रविवारी मोठ्यांदा वाचून दाखवत होती! गावातल्या अर्ध्या लोकांना मी शिकवलं, आणि माझी बायको माझ्याच विद्यार्थिनीकडे, माझ्यापासून लपून...

हॉर्न वाजला.

हा 'टुक' नव्हता. हा आवाज चढावरून निघून टाकीवर आदळला, तिथून परत आला, तरी वाजतच होता. टाकीवरची कबुतरं एकजात उडाली. समोरच्या घरातला एक गृहस्थ अर्धी दाढी केलेला तसाच बाल्कनीत आला. कोण एवढा आडदांड वाजवतोय म्हणून मास्तरांनी चिडून मागे पाहिलं. मागे पाववाल्याची गाडी होती आणि पाववाला कानांवर हात ठेवून बसला होता. मग मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा स्वतःचा तळहात, कोपरापासूनचा सगळा जोर लावून, हॉर्नवर होता. तो निघेना. त्यांनी दुसऱ्या हातानं तो उचलून बाजूला ठेवला.

लाल गाडीचं दार उघडलं. मास्तरीणबाई उतरल्या आणि चढ उतरून त्यांच्याकडे चालत आल्या. चौतीस वर्षांत त्यांची अशी चाल मास्तरांनी पाहिली नव्हती.

"अहो!" त्या म्हणाल्या. म्हणाल्या कसल्या, कडाडल्या. "अहो, काय हे? बायकोवर हॉर्न वाजवता? भर रस्त्यात?"

"अगं, तिनंच सांगितलं..."

"तिनं 'वाजवा' सांगितलं, 'फाडा' नाही सांगितलं!"

"तू वाचनालय सांगितलंस!" मास्तर ओरडले. आपण ओरडलो हे कळायला त्यांना एक क्षण लागला. "मला का नाही म्हणालीस शिकव म्हणून? मी काय मेलो होतो?"

"तुमच्याकडे शिकू? चुकले की तुम्ही ब्रेक दाबणार आणि म्हणणार, काही झालं नाही! अहो, झालेलं असतं ना काहीतरी! माझा हात सुटतो, मी घाबरते, मला स्वतःचा संताप येतो, आणि तुम्ही म्हणता काही झालंच नाही! मग मी हे सगळं नेऊन ठेवू कुठं?"

"मी तुला धीर द्यायला..."

"तपासणीचा कागद आठवतो? छातीत गाठ लागली तेव्हाचा?" त्यांचा आवाज खाली आला आणि त्यामुळे मास्तर जास्त घाबरले. "मी पाकीट घेऊन घरी आले. उघडलंही नव्हतं. तुम्ही पाकिटाकडे बघितलंत आणि म्हणालात, 'काही झालेलं नाही.' आणि किल्ली घेऊन शिकवायला निघून गेलात. शिकवायला! मी एकटीनं ते पाकीट फोडलं. तिळाएवढी साधी गाठ निघाली, काही नव्हतं. म्हणजे तुम्ही बरोबर ठरलात. तुम्ही बरोबर ठरलात म्हणून मला रडायचीही चोरी झाली. न्हाणीघरात नळ सोडून रडले मी. तेव्हा ठरवलं, एक खोली पाहिजे आपली, चाकं असलेली. लांब न्यायची, काचा वर करायच्या आणि जितकं ओरडायचं तितकं ओरडायचं. त्यासाठी शिकतेय."

पाववाला गाडीतून उतरला, मास्तरांच्या खिडकीपाशी आला आणि अदबीनं म्हणाला, "मास्तर, घरगुती आहे का? मग मी दुसरीकडनं जातो."

"थांब!" मास्तर त्याच्यावर ओरडले. पाववाला थांबला. पाच वर्षांपूर्वी तो याच माणसाकडे शिकला होता आणि त्याला भूत पाहिल्यासारखं झालं होतं.

मास्तर बायकोकडे वळले.

"त्या दिवशी मी शिकवायला गेलो नव्हतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बाजारामागच्या पटांगणावर गाडी नेली. काचा वर केल्या. दोन तास बसलो." मास्तरांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. "रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो. मग तोंड पुसलं, घरी आलो, तू म्हणालीस काही नाहीये, आणि मी म्हणालो, बघ, सांगितलं नव्हतं?"

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आदल्या दिवशी मास्तरांनी लाल गाडीकडे पाहिलं होतं. परका माणूस म्हणून गुण देत असावं आणि तो आपला निघावा.

"तुम्ही रडलात?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"अर्धा वेळ. अर्धा वेळ माझ्यासाठीच. मला वाटलं, तू गेलीस तर मी काय करू."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगतात तेच माहीत नव्हतं गं. मला वाटलं, मी घाबरलेला दिसलो तर तू अजून घाबरशील."

"मला वाटलं तुम्हाला काही वाटतच नाही!" मास्तरीणबाईंनी पदरानं नाक पुसलं. मग त्यांना पुन्हा संताप आला. "म्हणजे तुमच्याकडे गाडी होती, आणि मला न्हाणीघर!"

मास्तरांनी खिडकीतून आपला रुमाल पुढे केला.

एव्हाना वाघीण उतरून आली होती. ती मास्तरांकडे बघितलं न बघितलंसं करून म्हणाली, "काकू, राग आहे का अजून?"

"आहे."

"कुठं आहे?"

"इथं, गळ्यात. आणि हातांत मुंग्या येतायत."

"असू दे. घालवू नका त्याला, शेजारी बसू दे. चला, हात कामाला लावा."

मास्तरीणबाई परत गेल्या. दार लागलं. इंजिन सुरू झालं. मास्तरांना मागून त्यांचे खांदे हुंदक्यानं हलताना दिसत होते आणि त्याच वेळी क्लच अगदी केसाकेसानं वर येताना ऐकू येत होता. हँडब्रेक सुटला. गाडी एक बोटभरही मागे आली नाही. रडत, नाक ओढत आणि बहुधा नवऱ्याला काहीबाही म्हणत मास्तरीणबाई चढ चढून गेल्या.

मास्तरांनी गाडी सुरू केली. ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. मागून पाववाल्यानं भीत भीत हॉर्न दिला.

सोमवारी परीक्षा झाली. चढावर मागच्या रिक्षानं हॉर्न दिला तेव्हा मास्तरीणबाईंनी खिडकीतून डोकं काढून "येतेय रे बाबा, आला राग मला, कळलं!" असं खणखणीत सांगितलं आणि लगेच गाडी काढली. परीक्षकाच्या हातातली पेन्सिल खाली पडली. असलं काही केल्यास किती गुण कापायचे हे त्याच्या तक्त्यात नव्हतं, म्हणून त्यानं कापले नाहीत.

परीक्षेच्या मैदानाच्या फाटकापाशी मास्तर आणि वाघीण उभे होते. मास्तरीणबाई हातात पास झाल्याचा कागद घेऊन आल्या. मास्तरांनी आपल्या गाडीचं शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि बसायला वाकले.

"तुम्ही कुठं?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे? तू चालव. मी बसतो."

"मी एकटी जाऊन येते. तासाभरात येईन."

"अगं, पण पहिल्यांदाच..."

"अहो," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आज मला ओरडायचंय. पुढच्या वेळी या तुम्हीपण. दोघं ओरडू."

मास्तरांनी किल्ली दिली. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली आणि रहदारीत मिसळून गेली. मास्तर ती जागा बघत उभे राहिले.

"काय मास्तर," वाघीण म्हणाली, "कसं वाटतंय?"

मास्तर 'बरं' म्हणायला गेले आणि अडखळले. आत डोकावून पाहावं तसे त्यांनी डोळे बारीक केले.

"भीती वाटतेय," ते हळूहळू म्हणाले. "अभिमान वाटतोय. राग पण आलाय, बाहेर पडताना तिनं इंडिकेटर दिला नाही. तिला जागा मिळाली म्हणून बरं वाटतंय, आणि त्या जागेत मी नाही म्हणून वाईट वाटतंय. आणि हे सगळं एकदम. असं असतं का?"

"असंच असतं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

मास्तरांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. बस जात होती, रिक्षा जात होत्या, एक टेम्पो चुकीच्या बाजूनं येत होता, आणि प्रत्येकाच्या आत कुणीतरी बसलेलं होतं. मास्तरांनी आधाराला फाटकाचा खांब धरला.

"म्हणजे हे सगळे लोक," ते म्हणाले, "हे असलं सगळं आत घेऊन गाडी चालवतात?"

"हो."

"आणि तरी एवढेच अपघात होतात?"